शनवाऱ्याहून चहूकडे : बऱ्हाणपुरात येणाऱ्या प्रवाशासाठी मार्गदर्शन

व्यापारी आणि वाट यांचा संबंध फार जुना आहे. माल कितीही उत्तम असला तरी गिऱ्हाईक दुकानापर्यंत सुखाने पोहोचले नाही, तर त्या मालाचे चीज होत नाही. आपल्या बऱ्हाणपूर शहराचीही स्थिती अशीच आहे. चार शतकांपूर्वीची भुयारी पाणीव्यवस्था, तापीकाठचा शाही किल्ला, दोन भाषांतील शिलालेख एकाच छताखाली बाळगणारी जामा मशीद, आणि वीस किलोमीटरांवरचा असीरगढ एवढे वैभव एका लहान शहराच्या वाट्याला क्वचितच आले असेल. परंतु बाहेरून आलेला पाहुणा स्टेशनवर भाड्याची मोटार ठरवितो, दोन-तीन स्थळे घाईने पाहतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. बाजारात त्याचे पाऊल पडत नाही. ज्याला मोटार परवडत नाही तो तर पुष्कळदा बिचकूनच राहतो.

वास्तविक ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन नाही, अशा माणसालाही हे शहर दोन दिवसांत नीट पाहता येते. त्यासाठी येथील सार्वजनिक वाहनांची रीत तेवढी समजून घ्यावी लागते. आपल्या सभासदांच्या घरी लग्नकार्य, धार्मिक समारंभ वा व्यापाराच्या निमित्ताने परगावचे पाहुणे वारंवार येतात. त्यांना सांगण्यास आणि आपल्याही मुलाबाळांना घेऊन हिंडण्यास उपयोगी पडावी, म्हणून ती रीत येथे मांडली आहे.

शहराची रचना आणि शनवाऱ्याचे स्थान

येथील वाहनव्यवहार समजण्यासाठी प्रथम शहराची घडण ध्यानात घेतली पाहिजे. फारुकी सुलतान नासिरखान याने पंधराव्या शतकाच्या आरंभी तापीच्या उत्तर तीरावर हे शहर वसविले आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याला नाव दिले. पलीकडच्या तीरावरील जैनाबाद हे गावही एका संताच्या, जैनुद्दीन यांच्या, नावाने ओळखले जाते. 1601 साली अकबराने असीरगढ घेतला आणि खानदेश मोगलांच्या ताब्यात गेला. पुढे निजाम-उल्-मुल्क आसफजाह याच्या काळात, 1731 साली, शहराभोवती विटांचा तट बांधण्यात आला. त्याला नऊ दरवाजे होते आणि आत सव्वा चौरस मैलांहून थोडेसेच अधिक क्षेत्र होते.

ही शेवटची गोष्ट प्रवाशाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सव्वा चौरस मैल म्हणजे किती? मध्यम चालीचा मनुष्य अशा वस्तीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला अर्ध्या-पाऊण तासात जाऊन पोहोचतो. म्हणजे तटाच्या आतले जुने शहर हे पायी चालण्याच्या मापानेच घडलेले आहे. गल्ल्या अरुंद आहेत, त्या बैलगाडी, घोडा आणि पादचारी यांच्यासाठी आहेत. आत मोटार नेणाऱ्याचा वेळ वाचत नाही, उलट वायाच जातो.

शनवारा, इतवारा, बुधवारा ही येथील मोहल्ल्यांची नावे वारांवरून पडलेली आहेत, आणि आठवड्याच्या बाजारांची आठवण करून देतात. त्यांपैकी शनवारा दरवाजा हा आजच्या वाहतुकीचा खरा सांधा होय. दरवाज्याच्या आत जुना बाजार, बाहेर सिंधी बस्ती आणि लालबागकडे जाणारा रस्ता. स्टेशनहून आलेली रिक्षा येथे प्रवासी उतरविते, खेड्यांतून आलेला मनुष्य येथून बाजारात शिरतो, आणि बाजार आटोपलेला मनुष्य येथूनच परतीचे वाहन पाहतो. म्हणून परक्या माणसास एकच खूण सांगावयाची झाली, तर ती शनवाऱ्याची सांगावी. वाट चुकल्यास, सोबतीची ताटातूट झाल्यास, अथवा पुढचे वाहन कोठून मिळेल हे न कळल्यास त्याने शनवारा विचारावा. हे नाव न जाणणारा रिक्षावाला या गावात सापडावयाचा नाही.

बऱ्हाणपुरास यावे कसे

रेल्वेने येणे सर्वांत सोयीचे. मुंबईहून इटारसीकडे जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, भुसावळ आणि खंडवा या दोन जंक्शनांच्या मध्ये, बऱ्हाणपूर स्टेशन लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1870 साली हा मार्ग जबलपूरपर्यंत नेऊन मुंबई आणि कलकत्ता जोडले. तेव्हापासून आपला माल आणि माणसे याच रुळांवरून जात आहेत. भुसावळकडून येताना सावदा, निंभोरा, रावेर ही केळीच्या व्यापाराची गावे मागे पडली की बऱ्हाणपूर जवळ आले असे समजावे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. लांब पल्ल्याच्या सर्वच गाड्या येथे थांबत नाहीत. आपली गाडी थांबत नसेल, तर पश्चिमेकडून येणाऱ्याने भुसावळ येथे व उत्तरेकडून येणाऱ्याने खंडवा येथे उतरून दुसरी गाडी किंवा बस धरावी. दुसरे असे की, बऱ्हाणपूरच्या पुढे खंडव्याच्या बाजूस ‘असीरगढ रोड’ नावाचे एक लहान स्टेशन आहे. नावावर भुलून किल्ला पाहण्यासाठी कोणी तेथे उतरू नये. किल्ला त्या स्टेशनच्या दारात नाही, आणि तेथून वाहन मिळण्याची खात्रीही नाही. किल्ल्याची बस शहरातूनच धरावी.

बसने येणाऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. बऱ्हाणपूर हे मध्यप्रदेशात असले तरी महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर, मुक्ताईनगर, भुसावळ या बाजूंनी महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे आपल्या परिचयाच्या एस. टी.च्या, गाड्या येथे येतात. मोटार वाहन कायद्यानुसार दोन राज्यांनी परस्परांशी करार केल्यावरच अशा सीमापार गाड्या चालू शकतात. त्यामुळे त्यांच्या फेऱ्या मोजक्या असतात, आणि सणावारी त्यांत दाटी होते.

एस. टी.च्या भाड्यासंबंधी एक बारकावा प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा. महाराष्ट्रात 2022 पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य प्रवास आणि 2023 च्या मार्चपासून महिलांना अर्ध्या भाड्यात प्रवास ही सवलत मिळते. परंतु ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. गाडी तीच, आसन तेच, परंतु सीमा ओलांडली की पुढील अंतराचे भाडे पूर्ण द्यावे लागते. पुष्कळ भगिनी वाहकाने जादा पैसे घेतले असे समजून वाद घालतात. वस्तुतः वाहकाचा त्यात काही दोष नसतो. वयाचा पुरावा जवळ ठेवावा आणि तिकिटावरील आकडे पाहून घ्यावेत, म्हणजे वादाचे कारण उरत नाही.

मध्यप्रदेशाच्या बाजूस अशी सरकारी गाडी नाही. 1962 साली स्थापन झालेले मध्यप्रदेश राज्य मार्ग परिवहन निगम तोट्यात गेले. 2005 साली ते बंद करण्याचा निर्णय झाला आणि पुढील काही वर्षांत त्याच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. तेव्हापासून खंडवा, इंदूर आणि आसपासच्या खेड्यांचा प्रवास खाजगी बसमालकांच्या गाड्यांवर चालला आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ या नावाने बससेवेची नवी योजना मंजूर केली. तिचे फळ आपल्या रस्त्यावर पूर्णपणे दिसेपर्यंत प्रवाशाने खाजगी गाडीची रीत समजून वागणे हेच शहाणपणाचे.

ती रीत अशी. ज्या मार्गावर प्रवासी भरपूर, त्या मार्गावर गाड्या भरपूर. जेथे प्रवासी थोडे, तेथे गाडी दिवसातून एक-दोनदाच. इंदूर-इच्छापूर या मोठ्या रस्त्यावर गाड्यांची वाण नाही. आडवाटेच्या गावाला मात्र परतीची शेवटची गाडी केव्हा आहे, हे जातानाच वाहकाला विचारून ठेवावे. आणि एकाच माणसाच्या उत्तरावर न थांबता त्या थांब्यावरील दुकानदारालाही विचारावे. दुकानदार तेथेच बसलेला असतो, त्याचे सांगणे बहुधा अचूक असते.

रिक्षा : वाटणीची आणि स्वतंत्र

एकेकाळी स्टेशनहून शहरात येण्यासाठी टांगा हेच वाहन होते. आज त्याची जागा तीनचाकी रिक्षाने आणि अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षाने घेतली आहे. स्टेशन लालबागेत आहे आणि जुने शहर तेथून तीन-चार किलोमीटर दूर आहे. त्यामुळे लालबाग ते शनवारा हा रस्ता म्हणजे शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचा कणाच झाला आहे.

या रिक्षा दोन प्रकारांनी चालतात. पहिला प्रकार वाटणीचा. ठरलेल्या रस्त्याने रिक्षा धावते, जागा असेल तेथे प्रवासी घेते आणि दर माणशी भाडे आकारते. दुसरा प्रकार स्वतंत्र रिक्षाचा. ती सबंध आपल्यासाठी असते, आपण म्हणू तेथे जाते, आणि तिचे भाडे गाडीमागे ठरते, माणसामागे नव्हे.

परगावच्या माणसाची जी कुरकुर ऐकू येते, ती बहुतेक या दोन प्रकारांतील फरक न कळल्यामुळेच होते. वाटणीची रिक्षा भरेपर्यंत हलत नाही, याचा त्याला राग येतो. परंतु रिक्षावाल्याचा हिशेब आपणा व्यापाऱ्यांना तरी समजला पाहिजे. एका माणसाचे भाडे थोडे असते. फेरीचा खर्च मात्र गाडीत एक मनुष्य असो वा चार, सारखाच असतो. अर्धी रिकामी फेरी म्हणजे अर्धा माल टाकून निघालेली गाडी. म्हणून तो थांबतो. ज्याला घाई असेल त्याने राहिलेल्या जागांचे भाडे आपण देतो असे सांगावे. रिक्षा तत्काळ निघते, आणि तरीही स्वतंत्र रिक्षापेक्षा कित्येकदा स्वस्त पडते.

स्वतंत्र रिक्षाचे भाडे अंतराच्या मानाने जास्त का वाटते, याचेही कारण सरळ आहे. शहराबाहेरच्या मकबऱ्यापाशी आपण उतरलो, की रिक्षावाल्याला तेथे परतीचा प्रवासी मिळत नाही. त्यामुळे जाण्याचे, थांबण्याचे आणि रिकामे परतण्याचे असे तिन्ही खर्च तो एका भाड्यात धरतो. यास्तव अशा ठिकाणी केवळ जाण्यासाठी रिक्षा ठरवू नये. चार ठिकाणे एकत्र करून, थांबण्याच्या वेळेसह आणि परत शनवाऱ्यास आणून सोडण्याच्या बोलीने ती ठरवावी. एकेका ठिकाणचे भाडे निराळे देण्यापेक्षा हे पुष्कळच किफायतशीर होते, आणि मागे उन्हात उभे राहण्याचा प्रसंग येत नाही.

बोली करताना चार गोष्टी आधी स्पष्ट कराव्यात : ठिकाणे कोणती, माणसे किती, थांबणे किती वेळ, आणि भाडे जाऊन-येऊन की एका बाजूचे. हे चार शब्द आधी बोलले गेले, की मागून तक्रारीला जागा उरत नाही. भाड्याचा आकडा येथे मुद्दामच दिलेला नाही, कारण तो बदलत राहतो आणि छापील जुना आकडा भांडणास कारण होतो. आपल्या यजमानाला किंवा जवळच्या दुकानदाराला चालू दर विचारून मगच रिक्षापाशी जावे.

पहिली फेरी : तटाच्या आत, पायी

पहिल्या दिवशी सकाळी लवकर शनवाऱ्याहून निघावे. या फेरीला वाहनाची गरज नाही. बाजारातून विचारीत गांधी चौकात यावे म्हणजे जामा मशीद दिसते. फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजेच राजा अलीखान, याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधविली. आत अरबीबरोबर संस्कृत भाषेतील शिलालेख आहे आणि त्यात फारुकी घराण्याची वंशावळ व बांधकामाचा काल दिला आहे. अकबराच्या स्वारीचा लेखही येथेच आहे. परधर्मीय पाहुण्यांनी नमाजाची वेळ सोडून जावे आणि पादत्राणे बाहेर काढावीत.

तेथून तापीच्या दिशेने शाही किल्ल्याकडे जाता येते. फारुकींनी उभारलेला आणि मोगलांनी वापरलेला हा वाडा आज बराच पडलेला आहे. परंतु त्यातील हमामखान्याच्या छतावरील रंगकाम अजून पाहण्यासारखे आहे. याच शहरात 1631 च्या जून महिन्यात शाहजहानची बेगम मुमताजमहल प्रसूतीच्या वेळी मरण पावली. किल्ल्यावरून तापीचे पात्र आणि पलीकडचे जैनाबाद दृष्टीस पडते. त्याच तीरावरील आहूखान्यात तिचा देह आग्र्यास नेईपर्यंत काही महिने पुरून ठेवला होता.

परतताना दुसऱ्या रस्त्याने यावे. सिलमपुऱ्यातील स्वामीनारायण मंदिर, 1708 साली गुरू गोविंदसिंह दक्षिणेकडे जाताना येथे थांबले होते त्याची आठवण जपणारा बडी संगत गुरुद्वारा, आणि भुयारी पाणी जेथे येऊन साठत असे ते जाली करंज, ही सर्व विचारीत विचारीत पाहता येतात. पायी फिरणाऱ्या माणसाचा या शहराला खरा लाभ होतो, तो येथेच. चालणारा मनुष्य थांबतो, थांबणारा मनुष्य पाहतो, आणि पाहणारा मनुष्य काही तरी विकत घेतो. येथली मावा जिलेबी आणि दराबा ज्याने उभ्या उभ्या चाखला, तो घरी पुडा घेतल्यावाचून जात नाही.

दुसरी फेरी : लालबागची बाजू

लालबागकडील फेरी येण्याच्या किंवा जाण्याच्या दिवशी करावी, कारण स्टेशन त्याच बाजूस आहे. येथले मुख्य आकर्षण कुंडी भंडारा होय. पुष्कळ लोक त्याला खुनी भंडारा असेही म्हणतात. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकीर्दीत, ही पाणीव्यवस्था उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी भुयारी मार्गाने गोळा करून, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणलेले आहे. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. वर ओळीने शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडे, दिसतात; त्या एका मार्गावरच्या आहेत हे कळले की ती योजना डोळ्यांपुढे उभी राहते. 2024 साली या स्थळाचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे.

येथे वाटणीच्या रिक्षाने लालबागपर्यंत यावे आणि पुढचा तुकडा स्वतंत्र रिक्षाने करावा. खाली उतरण्याचा पाळणा चालू आहे की नाही, याची चौकशी शहरातच करून निघावे; तो पुष्कळदा बंद असतो, आणि लहान मुलांची निराशा होते.

तिसरी फेरी : विखुरलेली स्थळे

तिसऱ्या फेरीसाठी स्वतंत्र रिक्षा हवी. उतावळी नदीच्या काठी खानखानानचा पुत्र शाहनवाजखान याचा मकबरा आहे. काळसर दगडामुळे लोक त्याला काळा ताजमहाल म्हणतात. आझादनगर भागात फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. दाऊदी बोहरा समाजाचे श्रद्धास्थान असलेला दर्गाह-ए-हकीमी स्वच्छतेसाठी आणि शांततेसाठी पाहावा. देशोदेशींचे यात्रेकरू येथे येतात, म्हणून या बाजूला रिक्षा इतर स्थळांपेक्षा सहज मिळते. तापीपलीकडे आहूखाना आहे. आणि तापी व मोहना यांच्या संगमावर, बोहरडा गावाजवळ, मिर्झाराजे जयसिंह यांची छत्री आहे. शिवाजी महाराजांशी 1665 साली पुरंदरचा तह करणारा हा सेनापती 1667 साली बऱ्हाणपुरातच निधन पावला, हे मराठी वाचकास सांगितले की त्या छत्रीपाशी त्याचे पाऊल आपोआप थांबते.

ही सर्व ठिकाणे एका दिशेस नाहीत. सबब, कोणत्या क्रमाने गेल्यास फेरा कमी पडेल, हे रिक्षावाल्यालाच ठरवू द्यावे. रस्ते त्याच्या पायाखालचे आहेत. पावसाळ्यात नदीकाठच्या स्थळांना जाण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अकरानंतर ही फेरी करूच नये. आपल्याकडील ऊन परगावच्या माणसास सोसत नाही.

चौथी फेरी : असीरगढ किंवा इच्छापूर

शहरातील पुष्पक बस स्थानकावर शनवाऱ्याहून रिक्षाने जाता येते. खंडवा-इंदूरकडे जाणारी बस उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर असीरगढच्या पायथ्याशी सोडते. या डोंगरी किल्ल्यासमोर अकबराची फौज कित्येक महिने अडून पडली होती, आणि 1601 च्या जानेवारीत तो हाती आल्यावरच दक्षिणेचे दार उघडले. 1760 साली उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांकडे आला आणि 1819 साली इंग्रजांनी तो शेवटचा घेतला. बसवाहकाला ‘किल्ल्यापाशी उतरवा’ असे बसतानाच सांगावे. वर चढून जावे लागते, वर खाण्यापिण्याची सोय धरून चालू नये, म्हणून पाणी व शिदोरी बरोबर घ्यावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असणाऱ्या कुटुंबांनी तर पहाटेचीच गाडी धरावी, म्हणजे दुपारनंतर लगेच शहरात परत येता येते. परतीची बस रस्त्यावर उभे राहून हात दाखवून थांबवावी लागते; अंधारात ती थांबेलच असा भरवसा नाही.

त्याच रस्त्याने उलट दिशेस, म्हणजे महाराष्ट्राकडे गेल्यास, टेकडीवरील इच्छादेवीचे इच्छापूर लागते. पुढे सीमा ओलांडली की मुक्ताईनगर, आणि तेथून संत मुक्ताबाईंचे कोथळी. दक्षिणेकडून येणाऱ्या पाहुण्याने हे दर्शन येताना किंवा जाताना करावे. एकाच दिवसात असीरगढ आणि इच्छापूर दोन्ही करण्याचा हट्ट धरू नये. दोन्हीकडे बसची वाट पाहण्यातच दिवस जातो.

आपले कर्तव्य

या सर्व वर्णनावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल की बऱ्हाणपुरात वाहनांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो माहितीचा. येथला रहिवासी जे लहानपणापासून जाणतो, ते परक्याला कोठेही लिहिलेले आढळत नाही. वाटणीची रिक्षा कोठे उभी राहते, असीरगढची बस कोणती, परतीची शेवटची गाडी केव्हाची, हे सर्व तोंडी ज्ञान आहे. ज्याला विचारण्याचा संकोच, भाषेची अडचण किंवा फसवणुकीची भीती वाटते तो जास्त पैसे देतो, नाहीतर येतच नाही. हा तोटा केवळ त्याचा नव्हे. रिक्षावाल्याची फेरी जाते, फराळाच्या दुकानाचे गिऱ्हाईक जाते, कापडाच्या पेढीवरचा एक संभाव्य ग्राहकही जातो. आणि सर्वांत जास्त अडचण होते ती आपल्याच खेड्यांतून बाजारास येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, एकट्या बायकांची आणि शाळकरी मुलांची, कारण त्यांच्यापाशी मोटारीचा दुसरा मार्गच नसतो.

सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्यास जाणारा मोठा व्यापारी मार्ग याच शहरातून जात असे. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि इजिप्तपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. त्या काळी येथे सराई होत्या, पाण्याची सोय होती, आणि वाटाडे होते. परक्याची सोय पाहणे हा त्या वैभवाचा पायाच होता.

आज एवढे मोठे काही करावयाचे नाही. स्टेशनबाहेर आणि शनवाऱ्यास हिंदी व मराठीत एकेक फलक असावा. त्यावर ठिकाणांची नावे, वाटणीच्या रिक्षाचे मार्ग आणि चालू भाडे असावे, व ते प्रतिवर्षी रिक्षाचालकांच्या संमतीने सुधारले जावे. बसच्या वेळांचे छापील पत्रक सभासदांनी आपल्या दुकानात टांगावे. थांब्याजवळच्या दुकानाने उन्हाळ्यात एक बाक आणि पाण्याचे मडके ठेवावे. आणि पाहुणा निघताना त्याला मोटार करून देण्याऐवजी कुणा जाणत्या मुलाला शनवाऱ्यापर्यंत सोबत पाठवावे. खर्चाच्या दृष्टीने हे काहीच नाही. परंतु ज्या गावात परका मनुष्य न फसता, न भिता, थोड्या पैशांत हिंडू शकतो, त्या गावची पत आपोआप वाढते. आणि पत हेच व्यापाऱ्याचे खरे भांडवल, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.